भांड्यावरचं नाव, बॉबिनवरचं नाव : इंग्लंडच्या लेसगावांत पाच दिवस

माझ्या आईच्या फडताळात एक पितळी डबा आहे. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय आईचं माहेरचं नाव, पुढे 'हिस आत्याकडून सप्रेम भेट' आणि खाली तारीख, 12-5-1968. जिला दिला तिचं नाव आहे, देणारीचं नातं आहे. ज्याने दुकानाच्या पायरीवर मांडी घालून, डबा गुडघ्यांत धरून, छिन्नी-हातोडीने एकेक ठिपका ठोकला, तो कोण हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. आम्ही कधी विचारलंही नाही.

हा डबा मला आठवला तो मिल्टन कीन्सला, मावशीच्या दिवाणखान्यात. ती गेली तीस-बत्तीस वर्षं तिथे राहते. दिवाळीच्या आधीचे दहा दिवस तिच्याकडे काढायचे ठरवून गेले होते. जाताना तिने मागितलेली भाजणी, कोकम आणि सावंतवाडीच्या चितार आळीतून घेतलेला एक लाकडी भोवरा बॅगेत होता. भोवरा तिच्या नातवासाठी होता. तो तिसऱ्याच माणसाच्या हातात गेला, पण ते पुढे सांगते.

दिवस पहिला, मंगळवार : मावशीचा डबा

बाहेर बारीक पाऊस, आत भाजणीचा वास. चहा झाल्यावर मावशीने कपाटातून एक चपटा डबा काढला आणि टेबलावर पंचा पसरून त्यावर रिकामा केला. काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटाव्यात तसा आवाज झाला. लाकडाच्या आणि हाडाच्या, पेन्सिलीहून बारीक, वीतभरही नसलेल्या साठेक काड्या, आणि प्रत्येकीच्या शेपटीला पितळी तारेत ओवलेली मण्यांची कडी.

याच बॉबिन्स. हाताने लेस विणायची तर टणक भरलेल्या उशीवर नक्षीचा कागद टाचतात, दोरा या काड्यांवर गुंडाळतात आणि जोडीजोडीने त्या उशीवर लोंबत सोडतात. एका वेळी दोन जोड्या हातात घ्यायच्या, मधल्या दोन एकमेकींवरून ओलांडायच्या, मग दोन्ही बाजूंना पीळ द्यायचा आणि पीळ जागेवर राहावा म्हणून टाचणी टोचायची. शिवणाची सुई नाही, विणकामाच्या सुया नाहीत, गाठ नाही. वेणी घालता येणाऱ्या बाईला पहिला टाका पाच मिनिटांत येतो. मलाही आला. पुढचं मात्र वर्षांचं काम आहे.

मण्यांची कडी शोभेसाठी असावी असं मला वाटलं होतं. मावशीने कडी काढलेली एक काडी उशीवर ठेवली. ती आपोआप गडगडत गेली आणि दोऱ्याचा पीळ सुटला. कडीवाली जिथे ठेवली तिथेच राहिली. कडीचं वजन दोरा ताणून धरतं आणि काडीला लोळू देत नाही. बकिंगहॅमशर, बेडफर्डशर, नॉर्थॅम्प्टनशर या पट्ट्यातल्या बॉबिन्सची हीच खूण. दक्षिणेकडे डेव्हनमधल्या हॉनिटनला बॉबिनचं टोक निमुळतं, गुळगुळीत आणि बिनमण्यांचं असतं, कारण तिथल्या कामात आख्खी बॉबिन विणलेल्या लेसच्या छिद्रातून ओढून घ्यावी लागते. मणी अडकले असते.

मग तिने ती बॉबिन दाखवली. पांढरट हाडाची, अंगावर लाल ठिपक्यांत दोनच अक्षरं: आई.

"ह्यांच्यात 'डियर मदर' लिहायची जुनी रीत आहे," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, माझी आई काय मदर नव्हती. कागदावर मोठ्या अक्षरात काढून दिलं त्या माणसाला. तो विचारतो, ही वरची रेघ कशाची? मी सांगितलं, ती अक्षरांना धरून ठेवते. मग त्याने आधी सगळी अक्षरं टोचली आणि रेघ शेवटी मारली. अगदी पहिलीतल्या पोरांसारखी."

मी भिंगातून पाहिलं. शिरोरेघेचे अकरा ठिपके, एका ओळीत. ई वरचा रफारासारखा आकडा जरा मागे सरकलेला. मावशीच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, इंग्लंड कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं.

हा माणूस अजून बॉबिन्स करतो का, असं मी विचारलं. करतो, म्हणाली, पण हल्ली हात थरथरतो, आणि त्याच्यामागे कुणी शिकलेलं नाही. शनिवारी जायचं ठरलं. मधले तीन दिवस आम्ही त्याच्या आधीच्या माणसांच्या शोधात फिरलो.

दिवस दुसरा, बुधवार : ओल्नी

मिल्टन कीन्सहून ओल्नीला बस जाते. पिवळसर दगडाची घरं, मधोमध रुंद बाजारपेठ आणि गावाच्या टोकाला नदीकाठी उंच टोकदार शिखराचं चर्च. बाजारपेठेतल्या ऑर्चर्ड साइड या लाल विटांच्या घरात कवी विल्यम कूपर 1768 ते 1786 राहिला. आज ते त्याचं आणि त्याचा धर्मोपदेशक मित्र जॉन न्यूटनचं संग्रहालय आहे. लेसचा संग्रह इथेच आहे.

कूपरने 1780 साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय, की या दरिद्री गावात बाराशेच्या आसपास लेस विणणाऱ्या आहेत आणि त्यांतले शेकडो जीव उपासमारीच्या काठावर आहेत. बाराशे हातांना प्रत्येकी निदान वीसपंचवीस बॉबिन्स तरी लागत असणार. बारीक 'पॉइंट' लेसच्या रुंद पट्टीला शेकड्यांनी लागतात. म्हणजे एवढ्याशा गावात हजारो बॉबिन्स, आणि तेवढ्या कुणीतरी लाकडा-हाडातून कातलेल्या.

संग्रहालयात एक स्वयंसेविका बाई उशी घेऊन बसल्या होत्या. त्यांची आजी लेस विणायची. आजीच्या बॉबिन्स त्या अजून वापरतात. त्यांनी एकेक उचलून दाखवली: ही आजीच्या बहिणीची, ही तिच्या नवऱ्याने लग्नाआधी दिलेली, ही लहानपणी वारलेल्या भावाच्या नावाची. सगळं कुटुंब उशीवर लोंबत होतं. मी विचारलं, आणि केल्या कुणी? त्यांचा हात थांबला. "ते आजीला माहीत असणार," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही." मला आमचा पितळी डबा आठवला.

त्यांनीच मला 'फ्लॅश' समजावली. पाण्याने भरलेला काचेचा गोल मेणबत्तीसमोर ठेवला की उजेड एका जागी गोळा होतो. उंच तिपाईवर मधोमध एक मेणबत्ती, तिच्याभोवती गोल, आणि गोलांच्या उजेडात वर्तुळाकार बसलेल्या बाया. सर्वांत चांगली विणणारी सगळ्यांत जवळ, नवशिकी मागे. एका मेणबत्तीत अनेकींचं काम.

आणि गाणी. इथे लहान मुलींच्या लेस-शाळा असत. पाचव्या-सहाव्या वर्षी मुलगी उशीवर बसायची. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या एका शाळेची नोंद आहे: मिनिटाला दहा टाचण्या, तासाला सहाशे, आणि दिवसाअखेरी पाच कमी पडल्या तर आणखी एक तास बसायचं. टाचण्या मोजायला मुली गाणी म्हणायच्या. त्यांना 'टेल्स' म्हणतात. बाईंनी एक गुणगुणून दाखवलं. चाल सपाट, एकाच सुरावर घुटमळणारी, आणि शब्दांपेक्षा हातांसाठी रचलेली. मला जात्यावरच्या ओव्याच ऐकल्यासारखं वाटलं. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. ते किती मोठं काम होतं हे मला ओल्नीत, परक्या भाषेतलं गाणं ऐकताना नीट कळलं.

बाहेर पडलो तर धो धो पाऊस. चहाच्या दुकानात स्कोन आणि घट्ट साय खाल्ली. परतताना हाय स्ट्रीटवर 'लेस फॅक्टरी' नाव असलेली 1928 ची इमारत पाहिली. तिथे लेस बनत नव्हती. खेड्यांतल्या बायांनी घरी विणलेली लेस गोळा करून विकायचा धंदा हॅरी आर्मस्ट्राँग तिथून चालवायचा.

जाणाऱ्यांसाठी: संग्रहालय हंगामाप्रमाणे उघडं असतं, हिवाळ्यात बंद, तेव्हा निघण्याआधी फोन करा. लेस विणून दाखवणाऱ्या बाई कोणत्या दिवशी येतात तेही विचारा. काचेतल्या बॉबिन्स पाहण्यात आणि चालत्या बॉबिन्स ऐकण्यात फार फरक आहे. इंटरनेटवर 'बॉबिन मिल' शोधलंत तर उत्तरेकडची स्टॉट पार्क गिरणी समोर येईल. ती सुंदर आहे, पण सूतगिरण्यांच्या रिळांची. लेसशी तिचा संबंध नाही.

दिवस तिसरा, गुरुवार : बेडफर्ड

ब्लेचलीहून बेडफर्डला जाणारी छोटी गाडी वीटभट्ट्यांच्या जुन्या मुलखातून जाते. याच भट्ट्यांवर कामाला 1950 च्या दशकात इटलीहून माणसं आली, म्हणून बेडफर्डात आजही कॉफी मनासारखी मिळते. नदीकाठी हंस, कोवळं ऊन, आणि थंडी अशी की हात खिशातून निघेनात.

द हिगिन्स या संग्रहालयात थॉमस लेस्टरच्या लेसचा संग्रह आहे. लेस्टर बेडफर्डचा लेसव्यापारी. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याची लेस मांडली होती. त्याच्या नक्षीत फुलापानांबरोबर पशुपक्षीही येतात. दोऱ्याचा शहामृग पाहून मी तिथेच उभी राहिले. पिसांचा प्रत्येक वळसा म्हणजे कुणा बाईच्या बोटांतून गेलेल्या कितीतरी जोड्या. कार्डावर नाव लेस्टरचं. विणणारीचं नाही.

इथलं मला सर्वांत हलवून गेलेलं प्रकरण फाशीच्या बॉबिन्सचं. बेडफर्डच्या तुरुंगाबाहेर जाहीर फाशी असे तेव्हा बघ्यांची जत्रा भरायची, आणि बॉबिन करणारे त्या निमित्ताने नाव आणि साल टोचलेल्या बॉबिन्स विकायचे. सेरा डेझली, 1843. जोसेफ कॅसल, 1860. विल्यम वर्झली, 1868, ही बेडफर्डची शेवटची जाहीर फाशी. बाया त्या विकत घेत आणि 'डियर मदर'च्या शेजारी उशीवर लोंबत सोडत. मावशीला हे फार अघोरी वाटतं. मला वाटलं, वर्तमानपत्र विकत घेणं न परवडणाऱ्या बाईच्या घरात बातमी आणि तारीख दोन्ही अशीच टिकली. एरवीच्या बॉबिन्सवर प्रेमाचं, धर्माचं, नवऱ्या-मुलाचं लिहिलेलं असतं. लग्नाची मागणीसुद्धा. लिहिता-वाचता येणारी माणसं थोडी होती अशा खेड्यांत बॉबिनवाला हा गावाचा लेखनिकच होता.

दुपारी क्लँगर खाल्ला. शेतावर जाणाऱ्या माणसाचा हा डबा: लांबट पिठाची गुंडाळी, एका टोकाला तिखटमिठाचं सारण, दुसऱ्याला जॅम, मध्ये पिठाचीच भिंत. मला भाजीचा मिळाला. गरम असताना खा, थंड झाल्यावर कवच दगड होतं. आणि हिगिन्स सोमवारी बंद असतं.

दिवस चौथा, शुक्रवार : क्रॅनफील्ड, डीनशँगर

मावशी गाडी चालवत होती, मी नकाशा. रस्ता चुकलो, अर्धा तास गेला, पुढे मिळाला.

जुन्या बॉबिन्सवर करणाऱ्यांनी आपलं नाव जवळपास कधीच घातलं नाही. मग आज आपण त्यांना नावाने कसे ओळखतो? हे काम मुख्यतः क्रिस्टीन आणि डेव्हिड स्प्रिंगेट या जोडप्याने केलं. डेव्हिड स्वतः लाकूड कातणारे. दोघांनी वर्षानुवर्षं बॉबिन्स शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या: डोक्याची गोलाई, मानेची खाच, शेपटीचा उतार, अक्षरांचं वळण, आकड्यांची धाटणी. एकाच हाताच्या बॉबिन्सचे गट पाडले, मग जुन्या नोंदी आणि घराण्यांच्या आठवणींशी ते गट जुळवून 1997 साली पुस्तक काढलं. त्यातून डीनशँगरचे जेसी कॉम्प्टन (1793–1857) आणि जेम्स कॉम्प्टन (1824–1889) हे बापलेक वेगवेगळे ओळखता येऊ लागले. क्रॅनफील्डचा 'बॉबिन' ब्राउन, तिथलाच आर्थर राइट. आणि काही हात असे, की ओळखू येतात पण नाव सापडलेलं नाही.

क्रॅनफील्डला विमानतळ आणि विद्यापीठ आहे. आम्ही चर्चच्या आवारात फिरलो. डीनशँगरला मोठी हिरवळ, तिच्या कडेने घरं, सायकलवर शाळेतून परतणारी पोरं. कॉम्प्टनांची कसलीच खूण आम्हाला दिसली नाही. एका दुकानात विचारलं तर दुकानदाराने उलट आम्हालाच सगळं विचारून घेतलं आणि पावतीच्या मागे लिहूनही घेतलं. चार वाजले होते, वारा सुटला होता. मावशी म्हणाली, "बघ गो, एवढ्या लांबून येऊन तूच त्यांना सांगत्येस त्यांच्या गावचं."

जुन्या बॉबिन्स घ्यायच्या असतील तर: हाडाच्या बॉबिनवर बारीक काळपट छिद्रं किंवा रेषा दिसतात, ती रक्तवाहिन्यांची. हस्तिदंती म्हणून कुणी विकत असेल तर हात लावू नका, ब्रिटनमध्ये त्याच्या विक्रीवर कडक कायदा आहे आणि विमानतळावर वेगळा त्रास. कडीतले मणी बऱ्याचदा नंतर बदललेले असतात. कातीव चौकोनी, बाजू खरबरीत असलेले मणी जुने समजतात, पण त्यावरून सालाचा अंदाज करू नये. लाकडाच्या बॉबिन्स सोडू नका. हाडाच्या जास्त टिकल्या आणि जास्त महाग, म्हणून प्लम, चेरी, यूच्या लाकडात ज्यांनी हयात घालवली ते मागे पडतात.

दिवस पाचवा, शनिवार : कातारी

'आई' टोचणाऱ्या त्या माणसाची घरामागची लाकडी शेड. दार ढकललं आणि वास आला तो थेट चितार आळीचा. लाकूड कुठलंही असो, कातताना निघणाऱ्या ताज्या भुश्श्याचा वास बहुधा जगभर तोच.

वय अठ्ठ्याहत्तर, उंच, वाकलेले, चष्मा दोरीने मानेत. आधी कारखान्यात फिटर होते. पत्नीला लेसचा नाद, तिच्यासाठी पहिली बॉबिन केली, मग तिच्या मैत्रिणींसाठी, मग चाळीस वर्षं थांबलेच नाहीत. पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. तिची उशी शेडमध्येच एका कोपऱ्यात, कापडाखाली झाकलेली. अर्धवट पट्टी अजून टाचण्यांत आहे. "ती मी काढणार नाही, आणि पुरी करायला मला येत नाही," ते म्हणाले.

मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाकावर ठेवला. त्यांनी लेथ चालू केला.

प्लमच्या लाकडाची चौकोनी काडी, करंगळीपेक्षा बारीक, दोन टोकांत अडकवली. छिन्नी लागली तशी लांब कुरळी साल निघाली, पेन्सिल तासल्यासारखी. लाकूड बारीक झालं की मध्ये थरथरायला लागतं, तेव्हा डाव्या हाताची तर्जनी मागून टेकवायची आणि उजव्या हाताने कातायचं. मी नीट पाहिलं तर त्या बोटाच्या पेरावर पिवळट घट्टा आहे, अंगठ्याच्या नखाएवढा. चाळीस वर्षं रोज फिरतं लाकूड तिथे टेकलंय. डोकं, छोटी मान, दोरा गुंडाळायची लांब मान, मग अंग, मग शेपूट. शेवटी खाली पडलेल्या भुश्श्याचीच मूठ उचलून फिरत्या बॉबिनवर दाबली. त्याच लाकडाच्या सालीने त्याच लाकडाला चकाकी. दहा मिनिटंही लागली नाहीत.

हात थरथरतो म्हणतात तो लेथपाशी अजिबात थरथरला नाही. ठिपके टोचायला बसले तेव्हा दिसला.

नावांची वही त्यांनी दाखवली. ज्या ज्या बॉबिनवर काही लिहिलं त्याची नोंद: जन्म, लग्नं, निवृत्ती, मेलेली कुत्री, राणीच्या राज्यारोहणाचे महोत्सव, करोनात गेलेली माणसं. 2020 सालची पानं भरगच्च. "तेव्हा लोक फोनवर नाव सांगायचे आणि रडायचे. मी ठिपके मोजत राहायचो." एका पानावर मावशीचा कागद चिकटवलेला, 'आई', आणि शेजारी इंग्रजीत टीप: रेघ शेवटी.

गाईच्या पोटात वासरू असते तशी पोकळ बॉबिनच्या आत छोटी बॉबिन असलेली 'काऊ-इन-काफ', कथलाच्या मिश्रधातूचे ठिपके ओतलेली 'लेपर्ड', पट्टे ओतलेली 'टायगर', सगळ्या त्यांनी हातात दिल्या. कथील वितळवून ओतताना ओलसर लाकडातून वाफ उसळली आणि डोळा थोडक्यात वाचला, ती जागा कपाळावर दाखवली. हे कुठल्या पुस्तकात असणार नाही म्हणून मी मुद्दाम विचारत गेले: काय बिघडलं होतं, कुणी नाकारलं होतं, कोणती विकावीशी वाटली नाही.

मग मी भोवरा काढला. का काढला सांगता येत नाही, फक्त दाखवावासा वाटला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भोवरा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. रंगाचे पट्टे बोटाने तपासले. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाने लाख वितळते आणि रंग बसतो, हे मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं. मग नखाने एका जागी टेकवलं. पोटाच्या वळणावर केसाएवढी पायरी होती. मी ती कधीच पाहिली नव्हती.

"इथे हा थांबलाय," ते म्हणाले. "हात एकदम चांगला आहे, एका दमात कातणारा. पण इथे थांबला आणि परत सुरू केलं. काय झालं असेल?"

मला माहीत नव्हतं. कुणी केला तेही माहीत नव्हतं. दुकानातून घेतला होता, एवढंच. मी तो त्यांना ठेवून घ्यायला सांगितलं. मावशीच्या नातवाला दुसरा आणीन.

चहाबरोबर आम्ही नेलेल्या चकल्या खाल्ल्या, त्यांना तिखट लागल्या पण त्यांनी दोन घेतल्या. त्यांनी एक केक पुढे केला, शहाजिऱ्याचा. लेस विणणाऱ्या 25 नोव्हेंबरला संत कॅथरिनचा दिवस पाळत आणि असले केक करत. पत्नीची रीत म्हणून ते अजून करतात, महिनाभर आधी एकदा सराव म्हणून. निघताना सांगितलं, माझं नाव इंटरनेटवर नको, तुझ्या वहीत असू दे. ते वहीत आहे, जन्मतारखेसह, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत मावशीच्या लेसमंडळाच्या कपाटात आहे.

कुणी असं रेकॉर्डिंग करणार असेल तर माझ्या चुकीतून एवढं घ्या: मी मोबाइल लेथच्याच बाकावर ठेवला. तासाभराच्या बोलण्यात मागे सतत टक्-टक्, टक्-टक् ऐकू येतं. तो लांब ठेवा, किंवा कॉलरला लावायचा माइक न्या. सुरुवातीलाच दिवस, गाव, नाव मोठ्याने बोलून घ्या. हातांचे फोटो काढा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका, आपल्याकडची कातीव वस्तू न्या, लाटणं, रवी, काहीही.

परतल्यावर : सावंतवाडी

नोव्हेंबरच्या शेवटी माहेरी गेले तेव्हा चितार आळीत त्या दुकानात विचारलं. भोवऱ्याचा फोटो दाखवला. दुकानातला मुलगा म्हणाला, तिघा-चौघांकडून येतात, यातला कुणाचा कसं सांगणार. मग मागच्या पडवीत बसलेल्या म्हाताऱ्या काकांकडे पाठवलं. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला. पायरी त्यांना फोटोतही दिसली.

"लाइट गेली आसतली," ते म्हणाले. "पावसात जाताच. लेथ थांबलो की लाकडार खूण ऱ्हवता."

कुणाचा हात ते सांगता आलं नाही. त्यांचाही असू शकतो, म्हणाले, गेल्या पावसात बरेच केले होते.

मी त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, तरी मोबाइल कानाला लावून, डोळे मिटून ते ऐकत राहिले. मी बंद करायला गेले तर हाताने थांबवलं. ती टक्-टक् संपेपर्यंत ऐकली, मग मोबाइल परत दिला.

"तेचो पट्टो ढिलो झालो हा," ते म्हणाले. "कळव गो तेका."

त्याच रात्री मी मावशीला फोन केला.